तीनशे अठरावी गाडी

"सेन्या, चादर खाली आली!"

"चादर नाही, मीच खाली आलोय! हात गळून पडले माझे!"

"अजून एक मिनिट!"

"तू मघाशी पण एकच मिनिट म्हणाली होतीस, आयपेरी. तुझं मिनिट रबराचं आहे!"

बालिकचीच्या रेल्वे फाटकाजवळ एक लाल मॉस्कविच उभी होती, मालकापेक्षा वयाने मोठी. तिच्या एका अंगाला सेन्या दोन्ही हातांनी पांढरी चादर धरून उभा होता, म्हणजे वाऱ्याशी कुस्ती खेळत होता. दुसऱ्या अंगाला आयपेरी घरातला भाताचा मोठा पितळी थाळा तिरपा धरून गाडीच्या दारावर उजेड पाडत होती. बॉनेटवर नुकतंच पाणी शिंपडलं होतं. पाणी शिंपडलं की जुना रंग चमकतो. छायाचित्रकाराकडे दिवे-छत्र्या नसल्या की असंच भागवावं लागतं.

हा छायाचित्रकार एर्मेक म्हणजे आयपेरीचा ताइके, आईचा भाऊ. शाळेतल्या मुलांचे ओळखपत्राचे फोटो आणि लग्नांचे फोटो हे त्याचं काम. त्याशिवाय गेल्या मे महिन्यापासून तो रोज एका गाडीचा फोटो काढत होता. रोज एक, गावातलीच गाडी, एकही दिवस चुकवायचा नाही. रोजचा फोटो छापून तो सांस्कृतिक भवनाच्या खिडकीत लावायचा. तीनशे पासष्ट झाले की प्रदर्शन. पहिले शंभर दिवस तो गाडी शोधायला उड्या मारत जायचा. आता चालत जायचा, आणि हळू.

खट्.

"झालं. तीनशे चोवीस," एर्मेक म्हणाला आणि मॉस्कविचच्या बंपरवर बसला. "चादर घडी करा. नका करू. काहीही करा."

"चांगला आला?" आयपेरीने विचारलं.

"आला."

"ताइके, उद्या कुठली गाडी?"

"उद्याचं उद्या. गाडी दिसली की आता मला दातदुखी आठवते."

वसंताच्या सुट्टीचा हा पहिला सोमवार. सुट्टीभर तिघांनी ताइकेचे मदतनीस व्हायचं, असं ठरलं होतं. पण तिसरा, म्हणजे अदिलेत, सकाळपासून फिरकलाच नव्हता. आणि आता तो रुळांवरून येताना दिसला, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन.

"आला बघा, कामं संपल्यावर!" सेन्या ओरडला. "अदिलेत, तुझ्या वाटची चादर मी धरली. संध्याकाळी तुझ्या वाटचं पण मीच खाणार!"

अदिलेतने बादल्या खाली ठेवल्या. तो सेन्याकडे बघतही नव्हता. तो एर्मेककडे बघत होता.

"शुक्रवारी आताचं लायसन जाणार," तो म्हणाला. आता म्हणजे त्याचे वडील. "तुमच्या फोटोमुळे."

*

त्यांच्या गल्लीतला सार्वजनिक नळ कुणीतरी गाडीने ठोकला, हे सगळ्यांना माहीत होतं. मंगळवारी, अठरा तारखेला, दुपारी चारच्या सुमाराला. लोखंडी खांब वाकला, आतला पाइप तुटला, ठोकणारा पळाला. तेव्हापासून तीन गल्ल्यांतली माणसं फाटकापलीकडून पाणी आणत होती. नळ दुरुस्त होत नव्हता, कारण आधी ठोकणारा कोण ते ठरवायचं होतं. ते ठरवण्याचं काम मोहल्लाप्रमुख शेरगाझी बाइकेंनी अंगावर घेतलं होतं. वडीलधाऱ्या पुरुषाला इथे बाइके म्हणतात, बाईला एजे किंवा आपा.

ते सांस्कृतिक भवनाच्या खिडकीसमोरच सापडले. उंच पांढरी कल्पाक टोपी, काखेत फाइल.

"या, या. बघा नीट," ते म्हणाले आणि त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "क्रमांक तीनशे अठरा. तारीख अठरा मार्च. मागे लांब निळी भिंत, दोन पॉप्लर, हा आपला नळ. आणि नळाला नाक लावून उभी ही चंदेरी व्हॅन. नंबराची पाटी चिखलाने माखलेली. पण स्टिअरिंग कुठे आहे? उजवीकडे! फुटलेला दिवा कुठला? डावा! या चार गल्ल्यांत उजव्या स्टिअरिंगची चंदेरी व्हॅन कुणाची? तुरातची. तिचा डावा दिवा कसा आहे? फुटका. संपलं."

"तो बोओमच्या घाटात दगड उडून फुटला!" अदिलेत म्हणाला. "माझे आता तेव्हा बिश्केकहून येत होते. गाडीत चार प्रवासी होते!"

"नावं?"

भाड्याच्या गाडीत बसणाऱ्यांची नावं कोण विचारतं?

"बाइके, चेहरा तर दिसत नाहीये," आयपेरी म्हणाली.

"चेहऱ्याची गरज नाही, बाळ. फोटो खोटं बोलत नाही. आणि तुझ्या ताइकेला मी स्वतः विचारलं. हा तुझाच फोटो ना? हो म्हणाला. त्याच दिवसाचा? हो म्हणाला. मी अहवाल लिहून टाकला. वाहतूक कचेरीत शुक्रवारी दहा वाजता सुनावणी." त्यांनी जांभई दिली. "मलाही काही हौस नाही. माझ्या घरीही पाणी नाही."

ते गेल्यावर तिघं पायऱ्यांवर बसले.

"घरी दाराशी बॅग भरून ठेवलीये," अदिलेत म्हणाला. "लायसन गेलं तर माझे आता शनिवारी काकाकडे रशियाला जाणार. बांधकामावर. काका गेला तेव्हा एका वर्षासाठी गेला होता. सहा झाली."

सेन्याच्या तोंडात एक विनोद तयार होता. त्याने तो गिळला.

*

"मला फार काही आठवत नाही," एर्मेक म्हणाला. तो घरी पलंगावर बूट घालूनच आडवा झाला होता. "त्या दिवशी ताप होता. एकोणचाळीस. आयपेरीची आई ओरडत होती, पण एक दिवस चुकला की सगळं पहिल्यापासून. म्हणून बाहेर पडलो. बसलो कुठेतरी. एक चंदेरी गाडी दिसली, छान दिसली, एक फोटो काढला. एकच. थंडीने बॅटरी मेली. घरी येऊन झोपलो."

"नळ ठोकल्याचा आवाज?"

"कानटोपी होती, वर वारा. आणि डोक्यात हातोडे आधीच चालू होते."

"फोटोत कोपऱ्यात ही लाल रेघ कसली आहे?"

"भिंगावर उजेड आला असेल."

आयपेरीने त्याची वही उघडली. त्यात रोजची एक ओळ असायची. *३१८. वारा. ताप. चंदेरी.* बस, एवढंच.

"ताइके, नीट आठवा ना! काहीतरी!"

एर्मेकने डोळे मिटले. झोपला की काय, असं वाटलं.

"पाठ गरम होती," तो शेवटी म्हणाला. "पुढून गारठत होतो आणि पाठ मात्र मस्त शेकत होती. एवढंच आठवतं."

"तापात असं होतं," सेन्या डॉक्टरासारखा म्हणाला. "मला एकदा फक्त कान गरम वाटले होते."

"तुझे कान मास्तरांनी पिळले होते."

आयपेरी मात्र बसल्या बसल्या म्हणाली, "आपण तोच फोटो पुन्हा काढू या. त्याच जागी, तुरात बाइकेंची गाडी उभी करून. फरक दिसेल. दिव्याची उंची, बंपर, काहीतरी जुळणार नाही!"

"अजून एक गाडी," एर्मेक भिंतीकडे वळून पुटपुटला. पण मंगळवारी तो आला.

*

तुरात बाइके स्वतः गाडी घेऊन आले. आठवडाभर नीट झोप नसलेला माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते. सांगितलं तिथे व्हॅन लावली आणि आत बसून राहिले.

उलान वारा पश्चिमेकडून सुटला होता. या गावात तो सुटला की सरोवराकडे, पूर्वेकडे, ढकलत नेतो. कागद, टोप्या, कोंबड्या, सगळं. निळी भिंत, तिच्यासमोरचे दोन पॉप्लर, वाकलेला नळ, नळाशी व्हॅन. सगळं फोटोसारखंच होतं. तरी काहीतरी चुकत होतं.

"थोडं डावीकडे!"

"डावीकडूनच आलोय आत्ता!"

"मग वर चढून बघ. बादली घे पायाखाली."

"बादलीला भोक पडलं तर पाणी तू आणशील?"

एर्मेकने रस्त्याच्या पलीकडून फोटो काढला, बसून काढला, बादलीवर उभं राहून काढला. तासभर झाला. अदिलेत छापील फोटो हातात धरून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, "नाही. हे नाही. असं नाही." शेवटी त्याचा आवाज चिरका झाला आणि तो नळाच्या कट्ट्यावर जाऊन बसला.

आयपेरी रस्त्यात भिंतीकडे पाठ करून उभी होती. हात दुखत होते म्हणून तिने थाळा पोटाशी टेकवला आणि त्यात नुसतंच बघितलं. पितळेत मागची भिंत दिसत होती, पॉप्लर दिसत होते.

तिने वळून खऱ्या पॉप्लरांकडे बघितलं. पुन्हा थाळ्यात बघितलं.

"अदिलेत," ती म्हणाली, "फोटो दे."

"काय झालं?"

"झाडं बघ. वाऱ्याने वाकलेली आहेत. पूर्वेकडे. आपण भिंतीकडे तोंड केलं की कुठे वाकतात? उजवीकडे! आणि फोटोत?"

तिघांची डोकी फोटोवर आपटली.

"डावीकडे!" सेन्या किंचाळला. "झाडांनी कूस बदलली!"

"झाडांनी नाही. आता थाळ्यात बघ."

थाळ्यातली झाडं डावीकडे वाकलेली होती. अगदी फोटोतल्यासारखी.

"आरसा!" अदिलेत उठून उभा राहिला. "हा फोटो आरशातला आहे! म्हणजे उजवीकडचं स्टिअरिंग खरं तर डावीकडे! आणि फुटका दिवा उजवा! ती आमची गाडी नाहीच! आता! ऐकलंत का? आता!"

तुरात बाइकेंनी काच खाली केली. ऐकलं. मग त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"पण मी आरशाचा फोटो काढीन आणि मला कळणार नाही?" एर्मेक म्हणाला. एवढ्यात तो थबकला. भिंतीच्या टोकाला पाव भाजणाऱ्या सायलिकान एजेंची टपरी होती. तिचा तंदूर भिंतीलाच बांधलेला, बाहेर एक बाक. एर्मेक तिथे गेला, बाकावर बसला आणि मागे टेकला.

"पाठ," तो म्हणाला. "हीच ती पाठ."

"म्हणजे भिंत तुमच्या मागे होती!" आयपेरी म्हणाली. "मागची भिंत समोरून कशी काढाल? तुमच्यासमोर आरसा होता! आणि एवढा ताप, तुम्ही फक्त त्यातली गाडी बघितली!"

"मागे वळून नाही बघितलं?" सेन्याने विचारलं.

"मागे ऊब होती. वळलो असतो तर ती गेली असती," एर्मेक म्हणाला.

समोर मात्र रिकामा रस्ता आणि एक कुंपण. आरसा कुठला? सायलिकान एजे पिठाचे हात झटकत बाहेर आल्या.

"त्या मंगळवारी? समोर सेपचा ट्रक उभा होता की! नव्या नवरीचं सामान. गाद्या, रजया, आणि वर तिरकं ठेवलेलं आरशाचं कपाट, लाल फीत बांधलेलं. बेकबोलोतांची सून, स्टेशनच्या मागे राहतात ते. मोठा आवाज झाला तेव्हा मी आत पीठ मळत होते. मला वाटलं, ट्रकची फळी पडली."

तिघांनी एकदमच फोटोच्या कोपऱ्याकडे बघितलं. लाल रेघ!

"मला कुणी विचारलंच नाही," एजे म्हणाल्या. "शेरगाझी रोज पाव घेऊन जातो. रोज."

*

नव्या नवरीचं सामान बघायला कुणीही जाऊ शकतं. रिकाम्या हाताने मात्र जायचं नाही, बघण्याबद्दल काहीतरी द्यायचं. बुधवारी मुलांनी एर्मेकचे तीन उत्तम गाड्यांचे फोटो नेले.

"गाड्यांचे फोटो? नवरीला?" वाटेत सेन्याने विचारलं.

"तुझ्याकडे दुसरं काही आहे?"

"अर्धा पाव होता. आता पाव आहे."

बेकबोलोतांच्या अंगणात शिरताच अदिलेतने आयपेरीचा दंड धरला. कोपऱ्यात एक चंदेरी व्हॅन उभी होती. स्टिअरिंग डावीकडे. डावा दिवा जुना, पिवळट. उजवा दिवा स्वच्छ, कोरा.

नवरीने, नुरजान तिचं नाव, खाली मान घालून चहा ओतला. सासूबाईंनी अभिमानाने रजया मोजून दाखवल्या. आणि ते कपाट! उंच आरसा, वरच्या कोपऱ्यात अजून तीच लाल फीत.

"अंगणातली व्हॅन कुणाची, आपा?" आयपेरीने चहा फुंकत सासूबाईंना विचारलं.

"माझ्या दिराची, कुबातची. सेपच्या पुढे तोच होता."

दारात एक जाडजूड माणूस येऊन उभा राहिला होता. कुबात बाइके. सेन्याला राहवलं नाही.

"बाइके, तुमचा एक दिवा म्हातारा आणि एक तरुण कसा हो?"

कुबात बाइकेंचा चेहरा पिठासारखा झाला. "चहा प्या आणि घरी जा," ते म्हणाले आणि निघून गेले.

अदिलेत ताडकन उठणार होता. आयपेरीने त्याचा गुडघा दाबला.

"आपा," ती गोड आवाजात म्हणाली, "माझे ताइके फोटो काढतात. नुरजान एजेंचा सेपबरोबर एक फोटो काढायचा? उद्या? निळ्या भिंतीसमोर उजेड फार सुंदर असतो. अगदी त्या दिवसासारखी मिरवणूक हवी. पुढे व्हॅन, मागे ट्रक, वर कपाट. खिडकीत लावतील, सगळं गाव बघेल!"

"सगळं गाव?" सासूबाईंनी विचारलं. "कुबा-ऽऽ-त!"

*

गुरुवारी चार वाजता सगळे जमले. ट्रकवर कपाट, खाली नवरी. "मोहल्ल्याचे प्रमुख हवेतच" असा आयपेरीचा निरोप मिळाल्याने शेरगाझी बाइके धुतलेली कल्पाक घालून आले होते. कुबात बाइके व्हॅनमधून उतरायलाच तयार नव्हते.

"कुबात बाइके, नळाजवळ घ्या!" सेन्या ओरडला. "अजून! अजून! तुम्हाला जागा माहितीये!"

एर्मेक तंदुराला पाठ टेकून बाकावर बसला.

"नवरी तिकडे आहे, तू कपाटाचा फोटो काय काढतोस?" शेरगाझी बाइके म्हणाले.

"बाइके, इथे बसा, ताइकेंजवळ," आयपेरी म्हणाली. "आणि आरशात बघून सांगा. गाडी कशी दिसते?"

शेरगाझी बाइके बसले. त्यांनी आरशात बघितलं.

"चंदेरी. नळाशी. स्टिअरिंग उजवी..." ते थांबले. मान वळवून त्यांनी खऱ्या व्हॅनकडे बघितलं. पुन्हा आरशाकडे. अदिलेतने तीनशे अठरावा फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. तीच भिंत, डावीकडे वाकलेली तीच झाडं, कोपऱ्यात तीच लाल फीत. शेरगाझी बाइकेंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"मग आमची गाडी आणू का?" अदिलेतने विचारलं. "ती आरशात डावीकडची दिसते!"

"नको," कुणीतरी म्हणालं.

कुबात बाइके खाली उतरले होते.

"मीच ठोकला. ट्रकला जागा करून द्यायला मागे-पुढे करत होतो. सेप घेऊन निघालं की अडायचं नाही, मागे फिरायचं नाही, असं आमची वहिनी म्हणते. म्हणून थांबलो नाही."

"आणि संध्याकाळी?" तुरात बाइकेंनी विचारलं. ते आवाज चढवून बोललेच नाहीत.

"संध्याकाळी पाहुणे होते."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी लाज वाटली. तिसऱ्या दिवशी कळलं, तुझं नाव घेतायत. मग तर तोंडच उघडेना. रोज ठरवत होतो. थकून गेलो होतो रे."

"मी पण," तुरात बाइके म्हणाले.

"मी तुला अडू नको म्हटलं होतं," सासूबाई मध्येच गरजल्या, "दुसऱ्याला अडकव म्हटलं नव्हतं! नळ उद्याच्या उद्या बसवून दे. तुझ्या हातांनी!"

शेरगाझी बाइकेंनी फाइलमधून अहवाल काढला आणि त्याचे चार तुकडे केले. वाऱ्याने ते लगेच सरोवराकडे नेले.

"मी फोटो बघितला आणि रस्ता बघितला नाही," ते म्हणाले. हे म्हणायला त्यांना जड गेलं. "या पोरांनी झाडंसुद्धा बघितली. शाबास. उद्या दहा वाजता कचेरीत मी आणि कुबात जाऊ. तुरात, तुझं लायसन तुझ्याकडेच राहील."

"आणि रोज पाव नेताना दोन शब्द बोलत जा," सायलिकान एजे म्हणाल्या आणि त्यांनी तिघांच्या हातांत एकेक गरम पाव ठेवला. सेन्याला दोन.

नवरी अजून उभीच होती. "माझा फोटो?" तिने हळूच विचारलं.

"अरे हो!" एर्मेक उठला. "चादर! थाळा! पळा!"

*

शुक्रवारी दुपारी वारा पडला होता. एर्मेक आणि तिघं बसस्थानकावर गेले. तीनशे अठराव्या फोटोखाली सकाळीच त्याने एक चिठ्ठी चिकटवली होती: *हा फोटो आरशातला आहे. चूक माझी.*

रांगेत सहावी गाडी म्हणजे तुरात बाइकेंची चंदेरी व्हॅन. प्रवासी भरायला वेळ होता. काचेमागे लायसन ठेवलेलं, आणि उजव्या सीटवर तुरात बाइके तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले.

"बॅग?" आयपेरीने विचारलं.

"आईने सकाळी रिकामी केली. तिच्यात बटाटे ठेवलेत," अदिलेत म्हणाला.

"तुझ्या आताला उठवू का? नीट बसतील," सेन्या म्हणाला.

"खबरदार!"

ना चादर, ना थाळा, ना पाणी. एर्मेक समोर जाऊन उभा राहिला.

खट्.

अजून सदतीस उरले होते. त्याने वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि आजची ओळ लिहिली.

*३२८. वारा नाही. तुरात झोपलेला. समोरून काढला.*